मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर खुब्याचा सांधा बदलणे: धोके कोणते, तयारी कोणती?

मृण्मयी यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाचे सहा वर्षांपूर्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. मूत्रपिंड आमच्या आईने दिले. तेव्हापासून त्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) १.३ ते १.४ च्या आसपास स्थिर आहे आणि तो टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट ही रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे व रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतो. पहिल्याच वर्षी एकदा शरीराने नवे मूत्रपिंड नाकारण्यास सुरुवात केली होती, तेव्हा त्याला शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड द्यावे लागले. त्यानंतर मात्र असा प्रसंग आला नाही.

गेल्या वर्षापासून त्याची उजवी जांघ दुखू लागली. सुरुवातीला क्ष-किरण चित्रात काहीच दिसले नाही, म्हणून आम्ही स्नायूंचे दुखणे समजून काही महिने काढले. पुढे एमआरआय केल्यावर दोन्ही खुब्यांतील हाडाच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटल्याचे कळले. उजवा गोल आता खचला आहे, डावा अजून शाबूत आहे. अस्थिशल्यविशारदांनी उजवा खुबा बदलण्याचा सल्ला दिला असून, दादाला आता रात्रीही वेदनेमुळे झोप लागत नाही, त्यामुळे त्याची स्वतःची तयारी आहे. घरातील बाकीच्यांना मात्र धास्ती वाटते. आईने दिलेल्या मूत्रपिंडाला या शस्त्रक्रियेमुळे इजा होईल का, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे काही दिवस थांबवावी लागतील का, आणि त्या औषधांमुळे जखम चिघळून कृत्रिम सांध्यात जंतू शिरण्याची भीती नेमकी किती मोठी आहे, हे प्रश्न आम्हाला सतावत आहेत. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की, प्रत्यारोपण झालेल्या माणसाने जिवावर बेतल्याशिवाय कोणतीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. हे खरे आहे का? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अस्थिसंधान यांचे उत्तर

मृण्मयीताई, मी अस्थिशल्यविशारद आहे आणि प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांचे खुबे व गुडघे बदलण्याचे काम नियमितपणे करतो. तुमच्या भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढील मजकूर त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने लिहितो.

नातेवाइकांचे म्हणणे मला मान्य नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर खुब्याचा सांधा बदलणे ही जगभर अनेक दशके होत असलेली शस्त्रक्रिया आहे. प्रत्यारोपणाच्या सुरुवातीच्या काळात स्टेरॉइडच्या मात्रा फार मोठ्या असत आणि खुब्याचा गोल मरण्याचे प्रमाणही तसेच मोठे होते. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन व पुढे टॅक्रोलिमस आल्यानंतर स्टेरॉइड कमी करता आले आणि हे प्रमाण बरेच उतरले, पण संपले नाही. मांडीच्या हाडाच्या गोलाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या असतात. स्टेरॉइडमुळे त्या वाहिन्यांतील व मज्जेतील मेदाचा समतोल बिघडतो, रक्तप्रवाह अडतो, हाडातील पेशी मरतात आणि मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी वरचा भार पेलता न आल्याने गोल खचतो. दुखणे दोन्ही बाजूंना असणे हे या आजारात नेहमीचेच आहे, आणि सुरुवातीला क्ष-किरण चित्र निर्दोष दिसणे हेही नेहमीचेच. म्हणून गेलेल्या महिन्यांबद्दल स्वतःला दोष देऊ नका. गोल एकदा खचला की औषधांनी तो पूर्ववत होत नाही, आणि अशा वेळी सांधा बदलणे हाच वेदना थांबवणारा खात्रीचा उपाय उरतो. डाव्या खुब्याबद्दल मात्र आत्ताच विचारा. गोल शाबूत असेल तर हाडात छिद्र पाडून आतील दाब कमी करण्याची छोटी शस्त्रक्रिया काही रुग्णांत उपयोगी पडते, आणि ती संधी गोल खचण्यापूर्वीच असते.

आता धोक्यांकडे वळतो. सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचाच आहे. प्रत्यारोपण न झालेल्या व्यक्तींत पहिल्यांदा खुबा किंवा गुडघा बदलल्यावर खोलवर संसर्ग होण्याचे प्रमाण साधारण १०० मध्ये १ ते २ इतके असते. प्रत्यारोपण झालेल्यांत ते त्याहून अधिक असते, आणि मधुमेह, लठ्ठपणा, रक्तक्षय किंवा धूम्रपान यांची भर पडली तर आणखी वाढते. कृत्रिम सांध्याच्या पृष्ठभागावर जंतू एकदा स्थिरावले की ते स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात. त्या थरात ना शरीराच्या पेशी नीट पोहोचतात, ना प्रतिजैविके. त्यामुळे असा संसर्ग केवळ गोळ्यांनी सहसा बरा होत नाही. सांधा उघडून धुवावा लागतो, कधी तो काढून काही आठवडे औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवावा लागतो आणि नंतर पुन्हा नवा सांधा घालावा लागतो. हे सारे प्रत्यारोपित मूत्रपिंड सांभाळत करायचे असते, आणि खरी कसोटी तिथे लागते.

दुसरी गोष्ट संसर्गाच्या लक्षणांची. ज्या औषधांमुळे शरीर नवे मूत्रपिंड नाकारत नाही, त्याच औषधांमुळे जंतूंविरुद्धचा शरीराचा आरडाओरडाही दबून जातो. ताप येत नाही किंवा अगदी थोडा येतो, जखमेभोवती लाली कमी असते, रक्तातील पांढऱ्या पेशी फारशा वाढत नाहीत. प्रकृती ठीक वाटत असताना केवळ जखमेतून पाणी झिरपत राहणे किंवा कमी होत चाललेली वेदना पुन्हा वाढू लागणे, एवढेच लक्षण असू शकते. नेहमीच्या स्टॅफिलोकोकसखेरीज बुरशी किंवा क्षयरोगाच्या कुळातील जंतूही अशा सांध्यात सापडतात, म्हणून तपासणीसाठी पाठवलेला द्रव या जंतूंसाठीही जपून वाढवायला सांगावे लागते.

तिसरी बाब शरीररचनेची आहे आणि ती अनेकदा चर्चेत येत नाही. प्रत्यारोपित मूत्रपिंड पाठीत नसून ओटीपोटाच्या खालच्या भागात, बहुतेक वेळा उजव्या बाजूला बसवलेले असते, आणि त्याची रक्तवाहिनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला जोडलेली असते. ही रोहिणी खुब्याच्या खोबणीच्या अगदी पुढून जाते. रुग्णाला कुशीवर झोपवताना शरीर स्थिर ठेवण्यासाठी पुढून जो आधार लावतात, त्याचा दाब मूत्रपिंडावर पडता कामा नये. खोबणीच्या पुढच्या कडेवर लावायची अवजारे हाडाला चिकटूनच ठेवावी लागतात. आणि खोबणी पक्की करण्यासाठी स्क्रू घालायचाच झाला तर तो पुढच्या-वरच्या भागात न घालता मागच्या सुरक्षित भागात घालतात. तुमच्या भावाचे मूत्रपिंड कोणत्या बाजूला आहे आणि त्याची वाहिनी नेमकी कुठे जोडली आहे, हे प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहिलेले असते. ते टिपण मिळवून शल्यविशारदांच्या हाती द्या.

हाडाच्या गुणवत्तेबद्दल थोडक्यात सांगतो. मूत्रपिंड निकामी असतानाच्या काळात पॅराथायरॉइड ग्रंथी अतिरेकी काम करून हाडे पोखरतात आणि पुढे स्टेरॉइड त्यात भर घालते, त्यामुळे सांधा ठोकून बसवताना हाडाला तडा जाण्याची शक्यता थोडी जास्त असते. सिमेंटविना बसवलेले आधुनिक सांधे या रुग्णांतही हाडाशी चांगले जुळतात, असाच आजवरचा अनुभव आहे. कोणता प्रकार निवडावा हे हाड पाहून ठरते.

प्राजक्त यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर काही वर्षांनी माझाही खुबा याच कारणाने बदलला गेला, म्हणून रुग्णाच्या बाजूने काही लिहिते.

सर्वप्रथम सांगते की, मला त्या निर्णयाचा कधीही पश्चात्ताप झाला नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची वेदना आणि नंतरची वेदना यांची जातच वेगळी होती. नंतरची वेदना रोज कमी होत गेली. पण चालण्याची ताकद परत यायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण अनेक वर्षांच्या स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू आधीच बारीक झाले होते. शस्त्रक्रियेच्या आधीपासून व्यायाम सुरू केले असते तर बरे झाले असते, असे माझे फिजिओथेरपिस्ट म्हणत. तुमच्या भावाला ते आत्ताच सुरू करता येतील.

माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा औषधांच्या कागदाचा आहे. अस्थिरोग विभागात शस्त्रक्रियेनंतर सर्व रुग्णांसाठी लिहून ठेवलेली ठरावीक औषधे असतात आणि त्यांत बहुधा डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक असतेच. माझ्या बाबतीतही रात्रपाळीच्या परिचारिका ते इंजेक्शन घेऊन आल्या होत्या. माझ्या बहिणीने विचारले म्हणून ते थांबले. त्या बाईंचा त्यात काही दोष नव्हता, त्यांच्या हातातील कागदावर तसे छापलेले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की, कोणती औषधे चालतात, कोणती मुळीच चालत नाहीत आणि रोजची औषधे किती वाजता घ्यायची, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो खाटेशी लावा आणि घरचे एक माणूस शक्यतो सोबत ठेवा. टॅक्रोलिमस घरूनच न्या. रुग्णालयाच्या औषधालयातून दुसऱ्या कंपनीचे किंवा दिवसातून एकदा घ्यायच्या प्रकाराऐवजी दोनदा घ्यायचे मिळाले, तर रक्तातील पातळी बदलते.

आधीच्या तयारीत माझे दात तपासले, एक किडका दात काढला, लघवीची तपासणी केली आणि नाकातील जंतूंसाठी नमुना घेऊन काही दिवस नाकात मलम लावायला दिले. पायाच्या बोटांच्या बेचक्यातील बुरशीसुद्धा आधी बरी करून घेतली, कारण त्या भेगांतूनही जंतू आत शिरतात. या सगळ्यामुळे तारीख दोनदा पुढे गेली. तेव्हा वैताग आला होता, पण आज मी कोणालाही तेच करायला सांगेन.

नेफ्रॉन यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ असल्यामुळे मूत्रपिंड आणि औषधे यांपुरतेच लिहितो, कारण माझ्या मते या शस्त्रक्रियेतील टाळता येण्याजोगे बहुतेक नुकसान शस्त्रक्रियागृहात न होता त्याच्या आधीच्या व नंतरच्या काही दिवसांत, एका विभागाला दुसऱ्या विभागाची औषधे ठाऊक नसल्यामुळे होते.

मूळ औषधे थांबवायची नाहीत. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायचे असतात. मायकोफिनोलेटही सहसा चालू ठेवतात. ते कमी करायचे की नाही हे प्रत्यारोपण चमूच ठरवतो, रुग्णाने किंवा शल्यविशारदाने परस्पर ठरवू नये. वेगळी वागणूक लागते ती सिरोलिमस आणि एव्हेरोलिमस या औषधांना, कारण ती जखम भरून येण्याची क्रियाच मंदावतात. सिरोलिमस शरीरातून निम्मे निघून जायलाही सुमारे ६० तास लागतात, म्हणून नियोजित शस्त्रक्रियेच्या पुरेसे आधी रुग्णाला टॅक्रोलिमसकडे वळवतात आणि जखम पूर्ण भरल्यावरच परत आणतात. तुमच्या भावाला ही औषधे नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. अनेक वर्षे प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात आणि शस्त्रक्रियेच्या ताणाच्या वेळी पुरेसे संप्रेरक तयार करू शकत नाहीत. म्हणून नेहमीची मात्रा चुकवायची नाही, आणि रक्तदाब कारणाविना खाली जाऊ लागला तर हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा विचार लगेच करायचा, हे भूलतज्ज्ञांना माहीत असले पाहिजे.

प्राजक्तताईंनी वेदनाशामकांबद्दल जे लिहिले, त्यामागचे कारण सांगतो. टॅक्रोलिमस मूत्रपिंडात रक्त नेणारी बारीक वाहिनी आकुंचित करते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांच्या कुळातील नवी औषधेसुद्धा त्या वाहिनीला उघडे ठेवणारी रसायने रोखतात. दोन्ही एकत्र आली आणि त्यात शस्त्रक्रियेमुळे शरीरातील पाणी व रक्त कमी झाले, तर एकट्याने काम करणाऱ्या त्या मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह झपाट्याने घटतो. म्हणून वेदनेसाठी पॅरासिटामॉल, मज्जातंतूंभोवती भूल देणे आणि गरजेपुरते फेंटॅनिलसारखे औषध, असा मार्ग घेतात. मॉर्फिनचे उत्सर्जित होणारे घटक मूत्रपिंड मंद असल्यास साचतात, म्हणून ते जपून वापरावे लागते. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला तासन्तास पाण्याविना ठेवू नये, रक्तदाब फार उतरू देऊ नये आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या सकाळी टाळायच्या का, हे आधी विचारून घ्यावे.

प्रतिजैविकांची निवड हा स्वतंत्र विषय आहे. जेंटामायसिन व त्याच्या वर्गातील औषधे मूत्रपिंडाला इजा करतात. व्हॅन्कोमायसिन दिले तर रक्तातील पातळी पाहावी लागते. आणि संसर्गाच्या उपचारात सिमेंटमध्ये मोठ्या मात्रेत ही औषधे मिसळली, तर त्यांतील काही भाग रक्तात उतरतो. याहून फसवी गोष्ट म्हणजे औषधांची आपापसांतील झटापट. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल दिल्यास टॅक्रोलिमसची पातळी चढते, हात थरथरतात, पोटॅशियम व क्रिएटिनिन वाढते. रिफॅम्पिसिन नेमके उलट करते: यकृतातील विघटन इतके वाढवते की टॅक्रोलिमसची पातळी काही दिवसांत कोसळते आणि मूत्रपिंड नाकारले जाऊ शकते. आणि कृत्रिम सांध्यातील स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात रिफॅम्पिसिन हे तर महत्त्वाचे औषध मानले जाते. तेव्हा असे औषध सुरू करण्याची वेळ आली, किंवा ते बंद करण्याची वेळ आली, तरी त्याच दिवशी प्रत्यारोपण चमूला कळवायचे. ते बंद केल्यानंतरही त्याचा परिणाम सुमारे दोन आठवडे रेंगाळतो. जुलाब लागले तरीही टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. पातळीचा नमुना सकाळची मात्रा घेण्यापूर्वीच द्यायचा असतो. गोळी घेऊन दिलेल्या नमुन्याच्या आकड्यावर निर्णय घेतला तर तो चुकतो.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात दिली जाणारी एनॉक्सापेरिनची इंजेक्शने मूत्रपिंडातून बाहेर पडतात. तुमच्या भावाचे मूत्रपिंड सध्याच्या पातळीवर राहिले तर अडचण नाही. पण शुद्धीकरणाची क्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली गेल्यास मात्रा बदलावी लागते. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झामिक आम्लाची मात्राही क्रिएटिनिन पाहून ठरते, आणि ते वापरावे असे मी आवर्जून म्हणेन, कारण या रुग्णांत रक्त चढवणे शक्य तितके टाळायचे असते. परक्या रक्तातील पेशींमुळे शरीरात जी प्रतिद्रव्ये तयार होतात, ती पुढे दुसरे प्रत्यारोपण लागल्यास जुळणारा दाता मिळणे अवघड करतात. रक्त द्यावेच लागले तर पांढऱ्या पेशी गाळून काढलेले द्यावे. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते शस्त्रक्रियेपूर्वी लोह वा अन्य उपचारांनी वाढवून घेणे उत्तम.

वेळेबद्दल म्हणाल, तर प्रत्यारोपणानंतरचे पहिले काही महिने औषधांच्या मात्रा सर्वाधिक असतात आणि त्या काळात नियोजित सांधेबदल टाळतात. सहा वर्षे झालेली, क्रिएटिनिन स्थिर, अलीकडे नकाराचा प्रसंग नाही, अशी परिस्थिती म्हणजे मला तरी योग्य वेळ वाटते. वेदनेने अंथरुणाला खिळून स्नायू आणि हाडे झिजवत बसण्यात, किंवा असह्य होऊन दुकानातून वेदनाशामके आणून खाण्यात, मूत्रपिंडाला जास्त धोका आहे.

मृण्मयी

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेचे टिपण शोधून काढले. मूत्रपिंड उजव्याच बाजूला आहे. दोन शंका उरल्या आहेत. दोन्ही खुबे एकाच वेळी बदलावेत का, म्हणजे दोनदा भूल द्यावी लागणार नाही? आणि दादा डायलिसिसवर असताना त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांना असाच खुब्याचा त्रास होता. त्यांना अजून मूत्रपिंड मिळालेले नाही. त्यांनी प्रत्यारोपणाआधीच सांधा बदलून घेतलेला बरा नाही का, कारण तेव्हा ही औषधे नसतील?

अस्थिसंधान

डावा गोल शाबूत असताना तो बदलण्याचे कारणच नाही. आणि दोन्ही खचलेले असते तरी या रुग्णांत मी एकेक करूनच बदलले असते. एका वेळी दोन्ही केल्यास रक्तस्राव वाढतो, रक्तदाबाची चढउतार वाढते आणि मूत्रपिंडाला सावरायला उसंत मिळत नाही.

डायलिसिसवरील गृहस्थांबद्दल तुमचा तर्क वरवर बरोबर वाटतो, पण अनुभव उलट आहे. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत सांधेबदलानंतरचा संसर्ग आणि एकंदर गुंतागुंत प्रत्यारोपण झालेल्यांपेक्षा जास्त आढळते. त्यांची रक्तवाहिनी आठवड्यातून अनेकदा टोचली जाते किंवा तिच्यात नळी असते, तिथून जंतू रक्तात शिरतात. रक्तातील साचलेल्या विषांमुळे प्रतिकारशक्ती आणि रक्त गोठण्याची क्रिया दोन्ही बिघडलेल्या असतात. म्हणून प्रत्यारोपण लवकर होण्याची आशा असेल आणि वेदना सोसण्याजोगी असेल, तर आधी मूत्रपिंड आणि मग खुबा, हा क्रम बहुतेकांना मानवतो. दाता दृष्टिपथात नसेल आणि माणूस चालूच शकत नसेल, तर अर्थातच थांबून राहणे योग्य नाही.

भूलतज्ज्ञ_अ

हा धागा इतर अवयवांचे प्रत्यारोपण झालेलेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे लिहिते.  यकृत प्रत्यारोपण झालेल्यांत प्लेटलेट कमी असण्याची आणि रक्त गोठण्यात दोष असण्याची शक्यता पाहावी लागते. कण्यातून भूल देण्यापूर्वी हे आकडे हाती असलेच पाहिजेत. फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्यांत शिरेतून द्रव मोजून द्यावा लागतो आणि रुग्णाला लवकरात लवकर उठवून बसवणे अत्यावश्यक असते.

हृदय प्रत्यारोपणाबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. प्रत्यारोपित हृदयाच्या मज्जातंतू तुटलेल्या असतात. त्यामुळे रक्तस्राव झाला किंवा कण्यातील भुलेने रक्तदाब उतरला, तरी नाडी लगेच वाढून भरपाई करत नाही. आणि नाडी मंदावल्यास आपण सवयीने देतो ते ॲट्रोपिन तिथे सहसा उपयोगी पडत नाही, हृदयावर थेट काम करणारे औषध तयार ठेवावे लागते. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा उतारा म्हणून वापरले जाणारे निओस्टिग्मिनही अशा हृदयात नाडी धोकादायकरीत्या मंद करू शकते. आणखी एक म्हणजे, या रुग्णांना हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असे नाही. म्हणून हृदय प्रत्यारोपण झालेल्यांनी सांधेबदल प्रत्यारोपण चमू उपलब्ध असलेल्या रुग्णालयातच करून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

वाचक_सु

माझ्या यजमानांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण मागील वर्षी झाले. त्यांचे दोन्ही गुडघे आणि पावले एकाच वेळी, विशेषतः रात्री, फार दुखतात. हेही तसेच असेल का? हा धागा वाचून भीती वाटू लागली आहे.

नेफ्रॉन

सु, तसे असेलच असे मुळीच नाही. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या काही रुग्णांत पहिल्या काही महिन्यांत दोन्ही पायांत सारख्याच प्रमाणात, गुडघ्यापासून पावलांपर्यंत तीव्र दुखणे सुरू होते. एमआरआयमध्ये हाडाच्या मज्जेत सूज दिसते, पण हाड मेलेले नसते आणि औषधाची पातळी आटोक्यात आणल्यावर ते काळाने बरे होते. याशिवाय या औषधांमुळे यूरिक आम्लही वाढते आणि गाउट या संधिवाताचा जोर येऊ शकतो. तिथेही एक सावधगिरी हवी: त्यावर दिले जाणारे कोल्चिसिन सायक्लोस्पोरिनबरोबर घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते, आणि यूरिक आम्ल कमी करणारे ॲलोप्युरिनॉल ॲझाथायोप्रिन या रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाबरोबर घेतल्यास रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. म्हणून यजमानांना कोणतीही गोळी परस्पर न देता, दुखण्याची जागा व वेळ नोंदवून त्यांच्या प्रत्यारोपण तज्ज्ञांकडे न्या आणि टॅक्रोलिमसची पातळी व एमआरआय यांबद्दल विचारा.

मृण्मयी

एक शेवटचा प्रश्न. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली, तर पुढे घरी काय पाहत राहायचे? वर्षानुवर्षे ही भीती राहणार का?

अस्थिसंधान

पहिल्या तीन महिन्यांत जखमेकडे लक्ष ठेवायचे. पाच-सात दिवसांनंतरही पट्टी ओली होत असेल तर "थोडे पाणी आहे, सुकेल" असे म्हणून घरी थांबू नका. सीआरपी हा दाह दाखवणारा रक्तातील निर्देशांक शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत सर्वाधिक वाढतो आणि साधारण तीन आठवड्यांत पूर्वपदावर येतो. तो उतरून पुन्हा चढला तर त्याचा अर्थ शोधावा लागतो.

त्यानंतरच्या वर्षांत जंतू रक्तातून येतात: लघवीच्या संसर्गातून, हिरड्यांतून, पायावरच्या जखमेतून. म्हणून लघवीची जळजळ किंवा त्वचेवरील गळू अंगावर काढायचे नाही. दाताच्या मोठ्या उपचारापूर्वी प्रतिजैविक घ्यायचे की नाही, हे प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत दंतवैद्याने प्रत्यारोपण चमूशी बोलून ठरवावे. आणि एक विनंती अगदी पक्की लक्षात ठेवा: बदललेला सांधा अचानक दुखू लागला, सुजला किंवा गरम वाटला, तर कोणी तापाची साथ समजून प्रतिजैविके लिहून देण्यापूर्वी सांध्यातील द्रव सुईने काढून तपासायला पाठवला गेला पाहिजे. प्रतिजैविकांच्या दोन-चार गोळ्या आधी पोटात गेल्या, तर जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, त्याचे नाव कळत नाही, आणि मग मूत्रपिंडाला न दुखावणारे नेमके औषध निवडणे अवघड होऊन बसते. रुग्णाची प्रकृती फार बिघडली असेल, रक्तदाब उतरला असेल, तरच याला अपवाद. तेव्हा वाट न पाहता उपचार सुरू करतात. तुमच्या भावाला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की, त्या आधी दोन्ही विभागांच्या डॉक्टरांची एक एकत्र भेट मागून घ्या आणि हा धागा छापून सोबत न्या.